मेंदू : हालचाल, झोप व भावना

हालचाल, झोप आणि भावना यांचे नियंत्रण मेंदूचे परस्परांशी जोडलेले भाग करतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कामात हे तिन्ही एकत्र दिसतात. कोयता उचलण्याची आज्ञा प्रमस्तिष्काच्या प्रेरक बाह्यकातून निघते. मज्जातंतू वाटेत बाजू बदलत असल्याने उजवा हात डावा अर्धगोल चालवतो. घाव बुडख्याशी नेमका बसावा हे लहान मेंदू पाहतो. डोळे, स्नायू व सांधे यांच्याकडून आलेली माहिती पडताळून तो पुढचा घाव सुधारतो. सरावलेल्या हाताची बुडखा छाटणे, वाढे तोडणे, मोळी बांधणे ही साखळी मात्र मुख्यतः आधारी गंडिका सांभाळतात. तेथे डोपामीन कमी पडल्यास कंपवात होतो.

झोपेचे घड्याळ अधोथॅलॅमसमध्ये असून ते उजेडानुसार जुळते. मध्यरात्री गाडी भरायला उठणाऱ्याचे हे घड्याळ बिघडते. अपुऱ्या झोपेमुळे भीती व संताप जागवणाऱ्या अमिग्डालावरचा ललाटखंडाचा ताबा सैल पडतो; अशा माणसाच्या चिडचिडीला स्वभावदोष म्हणणे अन्यायाचे आहे. रात्रीची भरणी टाळून मजुरांना सलग झोप मिळेल, अशी व्यवस्था साखर कारखान्यांनी करावी.