‘पेप’ : एका बोलशब्दाचा अर्थेतिहास

इंग्रजी बोलभाषेत तरतरी, उत्साह या अर्थी ‘पेप’ हा शब्द योजिला जातो. अनौपचारिक म्हणून त्याची उपेक्षा होते. परंतु शब्दाचे रूप आणि त्याचा अर्थ यांचे वंश एकच असतात काय, या प्रश्नाचा विचार करण्यास तो उत्तम साधन आहे.

‘पेप’ हे मिरीवाचक ‘पेपर’ शब्दाचे आखूड झालेले रूप होय. त्याची परंपरा प्राचीन इंग्रजी ‘पिपोर’, लॅटिन ‘पिपेर’, ग्रीक ‘पेपेरी’ अशी मागे जाऊन संस्कृत ‘पिप्पली’शी पोहोचते. पिप्पली म्हणजे आपली पिंपळी, मिरी नव्हे. मिरीचे संस्कृत नाव ‘मरिच’. रोमच्या बाजारात दोन्ही जिन्नस एकाच नावाने विकले जात. इ. स. ७७ च्या सुमारास प्लिनीने पिंपळीचा भाव पौंडास १५ देनारियस, तर काळ्या मिरीचा ४ देनारियस असा नोंदविला आहे. पुढे युरोपच्या पाकशाळेतून पिंपळी जवळजवळ लुप्त झाली आणि तिचे नाव मिरीकडे राहिले. हे पहिले संक्रमण.

दुसरे संक्रमण वस्तूकडून गुणाकडे झाले. पहिल्या शतकातील पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्येही एका तडफदार पुरुषास मिरीची उपमा दिलेली आढळते. तथापि ‘पेप’ची घडण अमेरिकेतील. तेथे एकोणिसाव्या शतकात ‘पेपर’ला जोम हा लाक्षणिक अर्थ आला व विसाव्या शतकाच्या आरंभी शब्द आखूड झाला. १९२२ मध्ये सिंक्लेअर लुइसने ‘बॅबिट’ कादंबरीत या शब्दावर लुब्ध असलेल्या व्यापारी वर्गाचा उपहास केला. १९२३ मध्ये तोच शब्द केलॉग कंपनीच्या न्याहारीच्या धान्यपदार्थाचे नाव झाला. उत्साह हा गुण बाजारात विक्रीस आला, असेच म्हणावयाचे.

एवढ्यावरून ‘पेप’ हा मूळचा संस्कृत शब्द, असा निष्कर्ष काढणे मात्र युक्त नव्हे. मराठीचाच दाखला पाहावा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकरवी अमेरिकेतील नवी वनस्पती येथे आली, तेव्हा ‘मरिच’ या जुन्या नावातूनच तिला ‘मिरची’ हे नाव मिळाले. पण आपल्याकडे तिखट जिभेचा मनुष्य म्हणजे झोंबणारे बोलणारा; नाकाला मिरच्या झोंबतात त्या रागाने. त्याच तिखटपणातून एका समाजाने उत्साह काढला, दुसऱ्याने बोचरेपणा. रूप व्यापाऱ्याच्या गोणीतून प्रवास करते. अर्थ मात्र बोलणारा समाज आपल्या जीवनातून घडवितो. म्हणून व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने या दोहोंची वंशावळ स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे आहे.