वाहतूक अभियंता पदवीधरांचा रिझ्युमे : काय लिहावे, काय गाळावे

फ्रेशरला एक पान पुरे. सगळ्यात जास्त वजन शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला. ‘ट्रॅफिक सर्व्हे केला’ एवढ्याने काही कळत नाही. कोणता रस्ता, किती तास मोजणी, पीक अवरला किती पीसीयू, आयआरसी १०६ च्या तुलनेत वाहतूक किती जास्त निघाली आणि तुम्ही काय सुचवलं, हे दोन-तीन ओळींत लिहा. मोजणी ग्रुपने केली असेल तर आपला वाटा तेवढाच सांगा, मुलाखतीत तिथेच पकडतात. व्हिसिम, सिव्हिल थ्रीडी, क्यूजीआयएस यांपैकी खरोखर चालवलंय तेच नोंदवा.

आणि हो, आपल्याकडची नेहमीची अडचण : मार्कशीटवर ‘शेख’चं एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. आखातात अर्ज करायचा असेल तर रिझ्युमेवर पासपोर्टप्रमाणेच नाव टाका. पदवी अटेस्टेशनला देण्याआधी दुरुस्ती करून घ्या.