गुन्हेगाराच्या डोळ्यांनी

एखादा सज्जन प्रेक्षक चित्रपटगृहात शिरतो आणि तासाभरात एका खुनी माणसाच्या जिवाची काळजी करू लागतो. ही किमया केवळ कथेची नव्हे. कॅमेरा कोठे ठेवावा, कोणाचा चेहरा दाखवावा आणि कोणता आवाज कानी पडू द्यावा, हे ठरविणाऱ्या दिग्दर्शकाची ती असते.

१९३१ साली अमेरिकेत दारूबंदी होती आणि चोरट्या दारूवर गुंडांच्या टोळ्या गबर झाल्या होत्या. त्या वर्षी विल्यम वेलमन यांचा ‘द पब्लिक एनिमी’ हा बोलपट प्रदर्शित झाला. गुंडांचा गौरव करण्याचा आपला हेतू नाही, असे आरंभीच्या निवेदनात बजावले होते. परंतु वेलमन यांनी टॉम पॉवर्सची हकिगत त्याच्या बालपणापासून सांगितली. पट्ट्याने फोडून काढणारा बाप दाखविला. पुढे भर पावसात टॉम शत्रूंच्या अड्ड्यात शिरतो, तेव्हा कॅमेरा बाहेरच थांबतो. आतून गोळ्यांचे व किंकाळ्यांचे आवाज तेवढे येतात. मग जखमी टॉम लडखडत बाहेर येतो. त्याने केलेली हत्या प्रेक्षकाने पाहिलेली नसते. त्याच्या वेदना मात्र पाहिलेल्या असतात. जेम्स कॅग्नी या नटाचा चैतन्यपूर्ण अभिनय होताच. निवेदनातील उपदेश त्यापुढे टिकणार कसा?

हा धोका चित्रव्यवसायाने ओळखला होता. गुन्ह्याकडे सहानुभूती वळू नये, असा दंडक १९३० च्या आचारसंहितेत होता; १९३४ पासून तो कडकपणे अमलात आला. १९६८ मध्ये ती संहिता जाऊन वर्गवारीची पद्धत आली.

त्यानंतर १९७२ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा ‘द गॉडफादर’ आला. त्यातील मायकेल कॉर्लिओनी प्रथम दिसतो तो लष्करी गणवेशात, घराण्याच्या धंद्यापासून अलिप्त असा. पुढे उपाहारगृहात तो दोघांना ठार मारतो. त्याआधी शेजारचा माणूस बोलत असतो, पण कॅमेरा मायकेलच्या चेहऱ्यावर खिळतो आणि न दिसणाऱ्या आगगाडीचा खडखडाट वाढत जातो. तो त्याच्या मनातला कल्लोळ; परंतु ऐकतो प्रेक्षक. गोळी सुटते तेव्हा प्रेक्षक जणू त्याच्याच खुर्चीत बसलेला असतो.

एवढे जवळ आणून कपोला अखेरीस हिशेब चुकता करतात. बाप्तिस्म्याच्या विधीत अर्भकाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने धर्मपिता उत्तरे देतो. ‘गॉडफादर’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच. मायकेल भाच्याचा धर्मपिता म्हणून सैतानाचा त्याग केल्याचे सांगतो आणि त्याच क्षणी त्याच्या आज्ञेने शहरात पडणारे मुडदे पडद्यावर दिसतात. मंदिरातील ऑर्गनचे सूर खुनांवरही वाजत राहतात. वेलमन यांनी हत्या भिंतीआड ठेवली होती. कपोला ती प्रार्थनेच्या शेजारी आणून ठेवतात.

चित्रपटाच्या शेवटी मायकेल पत्नीशी खोटे बोलतो आणि तिच्या तोंडावर दार लागते. इतका वेळ मायकेलच्या बाजूला बसलेला प्रेक्षक आता तिचा चेहरा पाहत असतो. गुन्हेगाराचे मन समजून घेणे हे पाप नव्हे. त्या मनातून वेळीच बाहेर येता आले पाहिजे. खरा दिग्दर्शक आत नेण्याइतकीच बाहेर आणण्याचीही वाट दाखवितो.