रांगडी भाषा आणि हक्काचा मतदार

रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी आणि मुंबईचे लालबाग यांच्यातील अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. राजकारणात मात्र ते फारसे उरत नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरकपारीतील वाड्यांमधून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, खानावळींत पोटासाठी गेले. गावकीच्या एकाच खोलीत दहा-वीस जण राहिले, मनीऑर्डरीने घर चालले आणि शिमगा-गणपतीला चाकरमानी परतला की त्याच्याबरोबर मुंबईचे राजकारणही वाडीत आले. शिवसेना कोकणात रुजली ती बव्हंशी या वाटेने.

उद्धट वाटावी इतकी रोखठोक भाषा करणारा नेता पक्षाच्या निष्ठावंत मतदारांना का भावतो, हा प्रश्न २०१६ मध्ये अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीनंतर जगभर चर्चिला गेला. तेथे पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदारच निवडतात आणि त्यांनी पक्षातील मातब्बरांना डावलून डोनाल्ड ट्रम्प यांना कौल दिला. भारतात अशी पद्धत नाही. २०१४ मध्ये काँग्रेसने मोजक्या लोकसभा मतदारसंघांत तसा प्रयोग केला, पण तो मूळ धरू शकला नाही. तरीही प्रत्येक पक्षाचा एक हक्काचा मतदार असतो. त्याची पसंती मतपेटीतून नव्हे, तर शाखेतून, मेळाव्यातून आणि गावकीच्या बैठकीतून व्यक्त होते. महाराष्ट्रात या मतदाराला बाळासाहेब ठाकरे यांच्याइतके अचूक कोणी ओळखले नसावे.

ठाकरे स्वतः कधीही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ने मुंबईतील कचेऱ्यांत मराठी माणसाला जागा नाही हे दाखविण्यासाठी दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्याच छापल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि त्याच वर्षी शिवाजी पार्कवर पहिला मेळावा भरला. बेकारीची कारणे भांडवल, शिक्षण, उद्योगांची रचना अशी गुंतागुंतीची होती. ठाकरे यांनी त्यांना एक चेहरा व एक आडनाव दिले. साहेबासमोर मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या हमालाला, शिपायाला व्यासपीठावरून साहेबाचीच टर उडविली जाताना ऐकण्यात काय वाटत असेल, हे सुशिक्षित टीकाकारांच्या ध्यानात उशिरा आले. वाक्यावाक्याशी सहमत असणे श्रोत्याला आवश्यक नव्हते. आपल्याच बोलीत, आपल्याच रागाने कोणी बोलतो आहे, एवढे पुरेसे होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सौम्य बोलणारा पुढारी उद्या तडजोड करील अशी शंका निष्ठावंताला सदैव असते. ज्याने प्रतिष्ठितांची नाराजी आणि कायद्याचा बडगाही ओढवून घेतला, त्याला मागे फिरायची वाट राहत नाही. म्हणून तो ‘आपला’. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल सेनेचे विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला आणि त्यापोटी ठाकरे यांचा मताधिकारही डिसेंबर २००१ पर्यंत गेला. सैनिकाच्या लेखी ही शिक्षा नव्हतीच. ते प्रमाणपत्र होते.

या प्रमाणपत्राची किंमत मात्र इतरांनी मोजली. आधी दाक्षिणात्य कारकून व हॉटेलवाले, नंतर मुसलमान. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशीत श्रीकृष्ण आयोगाने ठाकरे यांच्यावर कठोर ठपका ठेवला. महाडच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा, कोकणीच बोलणारा मुसलमान ‘आपला माणूस’ या शब्दांत बसतो की नाही, याचे उत्तर त्या भाषेने कधी सरळ दिले नाही.

केवळ भाषेवर हक्काचा मतदार टिकत नाही, हेही नोंदविले पाहिजे. ठाकरी शैलीचा वारसा सांगणाऱ्या राज ठाकरे यांच्या मनसेला २००९ मध्ये विधानसभेच्या १३ जागा मिळाल्या, २०१४ मध्ये एक, २०२४ मध्ये एकही नाही; त्यांच्या सभांची गर्दी मात्र ओसरली नाही. उणीव वक्तृत्वाची नसून शाखेची होती. रुग्णालयात खाट मिळवून देणारा, दाखल्यासाठी तहसीलदाराशी भांडणारा, मतदानाला मुंबईहून गाड्या भरून आणणारा कार्यकर्ता असेल तरच रांगड्या बोलण्याला वजन येते. शिवाय एकट्या हक्काच्या मतांवर निवडणूक जिंकता येते असेही नाही. १९९० च्या दशकात प्रभाकर मोरे यांना विधानसभेत पाठविणाऱ्या महाडने २००४ मध्ये राष्ट्रवादीचे माणिक जगताप यांना निवडून दिले.

२००९ पासून ही जागा सलग भरत गोगावले यांच्याकडे आहे. गावपातळीवरून वर आलेले, ग्रामीण ढंगात बोलणारे गोगावले २०२२ च्या फुटीत एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. पक्षप्रतोद म्हणून झालेली त्यांची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बेकायदा ठरविली. मंत्रिपदाच्या आशेने शिवलेल्या कोटावरून शहरी माध्यमांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षाने त्यांच्याविरुद्ध स्नेहल जगताप यांना, म्हणजे २००४ च्या विजेत्याच्या कन्येलाच, उमेदवारी दिली. मशाल ठाकऱ्यांची, पण उमेदवार जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातला, असा पेच महाड-पोलादपूरच्या शिवसैनिकापुढे उभा राहिला. गोगावले चौथ्यांदा निवडून आले आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली.