वनस्पतिनकाशांच्या सूचीतील ‘माळ’ : एक ऐतिहासिक आलोचन

१

नकाशा म्हणजे भूमीचे चित्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच चुकीची नव्हे. तथापि पहिली रेषा ओढण्यापूर्वी नकाशा करणारास खुणांची सूची ठरवावी लागते आणि त्या सूचीतील प्रत्येक रंगापुढे एक नाम लिहावे लागते. ज्या भूमीला सूचीत नाम नाही ती नकाशावर दिसत नाही. दिसलीच तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने दिसते. भारतातील अधिवास, वनस्पतिसमूह व प्राणिजाती यांच्या नकाशांचा गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला असता दख्खनच्या माळाच्या बाबतीत या गोष्टीचा विशेष प्रत्यय येतो. हे नकाशे कोणी व कोणत्या प्रयोजनाने सिद्ध केले, आणि त्यांत माळास कोणते स्थान मिळाले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

भूमीचे तिच्या वनस्पतींवरून व जलमानावरून वर्गीकरण करण्याची प्रथा या देशात प्राचीन आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकी जांगल म्हणजे मोकळ्या आकाशाचा, अल्प जलाचा, खदिर, शमी, बदरी यांसारख्या वृक्षांचा कोरडा प्रदेश. आनूप म्हणजे पाणथळ व दाट झाडीचा प्रदेश. तमिळ संघम् वाङ्मयात कुरिंजी, मुल्लै, मरुदम्, नेय्दल् व पालै अशा पाच ‘तिणैं’ची व्यवस्था आढळते, डोंगर, कुरणवन, शेतीची सपाटी, समुद्रकिनारा आणि रुक्ष भूमी यांना तेथे वनस्पतींची नावे मिळाली आहेत.

मराठीपुरते पाहू गेल्यास दोन शब्दांचा प्रवास उद्बोधक आहे. ‘जांगल’ या विशेषणाशी ज्याचे नाते आहे तो ‘जंगल’ हा शब्द आज दाट झाडीचा वाचक झाला आहे, म्हणजे मूळ अर्थाच्या जवळजवळ उलट टोकास पोहोचला आहे. फ्रेंच पंडित फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात या अर्थांतराची विस्तृत चर्चा केली आहे. उलटपक्षी ‘अरण्य’, ‘रण्ण’, ‘रान’ या मार्गाने आलेला ‘रान’ हा शब्द मराठीत मोकळ्या भूमीकडे वळला. खेड्यातील मनुष्य ‘रानात गेला’ म्हणजे बहुधा शेतात गेला. गायरान म्हणजे गावाची गुरचराई. माळरान म्हणजे उघडा, गवताळ, मुरमाड प्रदेश. एक शब्द उघड्यावरून झाडीत गेला, दुसरा झाडीतून उघड्यावर आला. परंतु दोन्ही अवस्थांत भाषेजवळ मोकळ्या भूमीसाठी स्वतंत्र नाम होतेच.

प्राण्यांच्या नावांतही ही भूमी नोंदली गेली आहे. माळढोक, माळटिटवी, तणमोर ही नावे पक्ष्याबरोबर त्याचा अधिवासही सांगतात. ‘ढोक’ हे लांब पायांच्या पक्ष्यांस लागणारे नाव. ‘माळ’ या पूर्वपदाने त्यांतील हा एक पक्षी पाणथळीवरून वेगळा काढून उघड्या भूमीवर बसविला आहे. ‘रानकोंबडा’ आणि ‘माळढोक’ यांतील पूर्वपदांची अदलाबदल कोणीही मराठी भाषक करणार नाही.

३

आधुनिक अर्थाने भारताचे वनस्पतिप्रदेश ठरविण्याचा पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला. जोसेफ हूकर व टॉमस टॉमसन यांच्या १८५५ च्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथाच्या विस्तृत प्रस्तावनेत देशाची विभागणी आढळते. पुढे सी. बी. क्लार्क यांनी १८९८ मध्ये मोथ्याच्या कुलातील वनस्पतींच्या प्रसारावरून ब्रिटिश हिंदुस्थानचे अकरा उपविभाग कल्पिले, तर १९०४ मध्ये हूकर यांनी ब्रह्मदेश, सिलोन व मलाया धरून नऊ प्रांत मानले. प्राण्यांच्या बाबतीत डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांचा पृष्ठवंशीयांच्या प्रसारावरील निबंध १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्व विभागण्यांचा आधार संग्रहालयांतील नमुने व जातींच्या याद्या हा होता. त्यांत दख्खन हा एक प्रांत होता. त्या प्रांतात माळ आहे की वन, हा प्रश्न त्या पद्धतीने विचारलाच जात नव्हता.

तो प्रश्न उपस्थित झाला तो राज्यकारभारात. मुंबई इलाख्यात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीनमोजणी व सारापद्धती सुरू झाली. महसुलाच्या दृष्टीने जमीन एकतर लागवडीची, नाही तर पडीक. १८७८ च्या वनकायद्याने सरकारी मालकीची ‘वनभूमी किंवा पडीक भूमी’ राखीव वन म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारास दिला. १९२७ च्या कायद्यातही हीच शब्दयोजना कायम राहिली. या जोडपदात माळास एकच जागा उरत होती, आणि ती दुसऱ्या पदाची.

वनाधिकाऱ्यांनी सिद्ध केलेले वर्गीकरण याच परिस्थितीत जन्मास आले. एच. जी. चॅम्पियन यांचा हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांतील वनप्रकारांचा प्राथमिक आढावा १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. चॅम्पियन व एस. के. सेठ यांनी केलेली त्याची सुधारित आवृत्ती १९६८ ची. तीत १६ प्रमुख गट असून देशभरच्या वनखात्यांस आजतागायत तिचाच आधार आहे. हे कार्य मोठ्या योग्यतेचे होते, यात शंका नाही. परंतु ग्रंथ वनप्रकारांचा असल्याने कोरड्या गवताळ भूमीस त्यात ‘अवनत अवस्था’ या सदराखाली जागा मिळाली. म्हणजे माळ ही स्वतंत्र वस्तू नसून बिघडलेले वन होय, असे सूचीनेच ठरविले.

४

स्वातंत्र्योत्तर काळात नकाशांचे कार्य अधिक शास्त्रशुद्ध पायावर उभे राहिले. पाँडिचेरी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेने भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने १:१०,००,००० या प्रमाणावर वनस्पती व परिस्थिती यांचा नकाशा हाती घेतला. तूलूझ येथील आँरी गोसाँ आणि पाँडिचेरीचे प्येर लग्री हे त्याचे प्रमुख शिल्पकार, व्ही. एम. मेहेर-होमजी यांचा त्यात पुढे मोठा वाटा राहिला. कन्याकुमारीचा पहिला पट १९६१ मध्ये निघाला. या प्रमाणावर कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे भूमीवरील एक किलोमीटर. लहानसा माळ अशा नकाशात एरवीही मावत नाही. परंतु अडचण केवळ प्रमाणाची नव्हती. गोसाँ यांच्या पद्धतीत प्रत्येक स्थळ एका ‘मालिके’त बसविले जाई आणि मालिकेचे नाव तेथे अखेरीस निर्माण होऊ शकेल अशा वनातील प्रमुख वृक्षांवरून पडे. घनदाट वन, विरळ झाडी, काटेरी झुडपे व गवत या त्या एकाच मालिकेच्या उतरत्या पायऱ्या. हवामान व वनस्पती यांचा संबंध दाखविण्यास ही योजना फार उपयुक्त होती. मात्र ती भूमीस ‘आहे’ यापेक्षा ‘होऊ शकेल’ या क्रियापदाने ओळखत होती.

गवताचा स्वतंत्र विचार मुळीच झाला नाही असे नव्हे. पी. एम. दबडघाव व के. ए. शंकरनारायण यांचा भारतातील तृणाच्छादनावरील ग्रंथ १९७३ मध्ये कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. त्यात देशाचे पाच तृणप्रकार वर्णिले असून द्वीपकल्पाचा मोठा भाग ‘सेहिमा–डायकँथियम’ या प्रकारात येतो. यांपैकी दुसरे म्हणजे मराठी शेतकऱ्याच्या परिचयाचे मारवेल गवत. परंतु हा ग्रंथ चाऱ्याच्या संदर्भात वाचला गेला. वननकाशांच्या सूचीवर त्याचा परिणाम झाला नाही.

५

उपग्रहांच्या आगमनाने मापनाची शक्ती वाढली, परंतु नामांचा वारसा जुनाच राहिला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७ चा. वृक्षांच्या छत्राची घनता दहा टक्के वा अधिक असेल तर वनाच्छादन, त्याहून कमी असेल तर झुडपी प्रदेश, असा त्यातील दंडक आहे. दुसरीकडे २००० मध्ये निघालेल्या पडीक भूमीच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात ‘झुडपांसह भूमी’, ‘झुडपांविना भूमी’, ‘अवनत कुरणे’ असे रकाने होते. एकाच माळाची एका नकाशात अपुरे वन व दुसऱ्यात पडीक जमीन अशी नोंद होऊ लागली. पडीक ठरलेल्या भूमीचा उद्धार करणे हे ओघानेच कर्तव्य ठरते. त्यामुळे अशा ठिकाणी वृक्षारोपण, कालवे, कारखाने व वीजप्रकल्प यांना कोणाची हरकत येईनाशी झाली.

याचे परिणाम माळढोकाच्या इतिहासात दिसून येतात. हा पक्षी उघड्या जमिनीवर सामान्यतः एकच अंडे घालतो आणि शत्रूची चाहूल त्यास दूरवरच्या दृष्टीनेच लागते. तेव्हा त्याच्या दृष्टीने झाडांची रांग ही सुधारणा नसून भिंत होय. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांत १९७९ मध्ये त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले. या विस्तारात गावे, शेते व रस्ते सर्वच आले. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्ष्याविषयी रोष निर्माण झाला. अखेर २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. दरम्यान २०११ मध्ये या जातीची गणना जागतिक सूचीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली होती. प्रथम रेषा फार मोठी ओढली गेली, कारण त्या रेषेच्या आत माळ नेमका कोठे आहे हे दाखविणारा नकाशाच हाताशी नव्हता. ‘अभयारण्य’ या नामातही अरण्यच होते.

देशाच्या जीवभौगोलिक विभागणीत या काळात प्रगती झाली, हेही नमूद केले पाहिजे. डब्ल्यू. ए. रॉजर्स व एच. एस. पन्वर यांनी १९८८ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतर्फे दहा जीवभौगोलिक विभागांची योजना मांडली; तीत निमशुष्क प्रदेशास स्वतंत्र विभागाचा मान मिळाला आणि कोणत्या विभागात संरक्षित क्षेत्र अपुरे आहे हे प्रथमच तौलनिक रीतीने दिसू लागले. पाँडिचेरीच्या संस्थेने १९८२ ते १९८४ या काळात पश्चिम घाटाच्या वनांचे १:२,५०,००० प्रमाणावरील नकाशे प्रसिद्ध केले. त्यांतील एक पट बेळगाव–धारवाड–पणजी या परिसराचा आहे. पी. एस. रॉय व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये १:५०,००० प्रमाणावर शंभर वनस्पतिप्रकारांचा राष्ट्रीय नकाशा सादर केला.

६

माळ म्हणजे बिघडलेले वन, या गृहीतकाचीच आता फेरतपासणी झाली आहे. शिवालिक थरांतील प्राचीन मृदेच्या रासायनिक परीक्षणावरून उष्ण प्रदेशीय गवतांचा उपखंडातील विस्तार सुमारे सत्तर ते ऐंशी लाख वर्षांपूर्वी झाला असे दिसते. मनुष्याची कुऱ्हाड त्यानंतर फार उशिरा आली. जयश्री रत्नम् व सहकारी यांनी २०११ मध्ये असे प्रतिपादन केले की, आशियातील अनेक तथाकथित शुष्क वने वस्तुतः तृणवृक्षभूमी आहेत, आणि हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. एम. डी. मधुसूदन व अबी वनक यांच्या २०२३ च्या नकाशाप्रमाणे निमशुष्क प्रदेशातील मोकळ्या नैसर्गिक भूमीने देशाचा सुमारे एक-दशांश भाग व्यापला असून तिचा पाच टक्क्यांहूनही कमी अंश संरक्षित क्षेत्रांत येतो.

याच प्रश्नाकडे भाषेच्या वाटेनेही जाता येते. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये तेराव्या शतकापासूनच्या मराठी रचना, ओव्या व स्थळकथा तपासून विशिष्ट ठिकाणांशी निगडित अशा ४४ रानवनस्पतींचे उल्लेख एकत्र केले. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश उघड्या तृणभूमीच्या वनस्पती निघाल्या. पंढरपुरी कान्होपात्रेच्या स्मृतीशी जोडलेली काटेरी तरटी हे अशा वनस्पतीचे सर्वपरिचित उदाहरण होय. निरनिराळ्या शतकांतील हे उल्लेख जुळतात, तेव्हा इंग्रजी अंमलाच्या कित्येक शतके आधीही या प्रदेशात माळ होता, असे अनुमान बळकट होते.

या सर्व इतिहासावरून एवढे स्पष्ट होते की, नकाशांतील माळाचा लोप हा दृष्टीचा नव्हे, नामाचा दोष होता. सर्वेक्षकाने माळ पाहिला होता. परंतु त्याच्या सूचीत त्यास रकाना नव्हता. उलट धनगर, गुराखी व शिकारी यांच्या बोलीत माळ, बरड, गायरान, कुरण ही नावे, त्यांच्यातील सूक्ष्म भेदांसह, नांदत होती. कोकणातील ‘सडा’ हेही अशाच एका उघड्या भूमीचे नाव. जांभ्या दगडाच्या त्या पठारांचीही गणना दीर्घकाळ नापीक खडकांत होत आली आहे. जिल्हावार बोलींतून अशा भूमिवाचक शब्दांचा संग्रह करून प्रत्येक शब्दाबरोबर स्थळ, मृदा व गवताची जात नोंदविणे, हे काम भाषाशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी एकत्र करण्याजोगे आहे. हे शब्द वापरणारी पिढी वृद्ध होत चालली असल्याने ते लांबणीवर टाकता येणार नाही.