शिलेदारी, शौर्यकथा आणि आपली मुले

पागा, शिलेदार, बारगीर हे शब्द बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांना परके नाहीत. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन फौजेत येणारा तो शिलेदार. फ्रेंच भाषेतील ‘शेव्हालिए’ या शब्दाचा मूळ अर्थही घोडेस्वार असाच आहे. दिलेला शब्द पाळावा, शरण आलेल्यावर शस्त्र धरू नये, धन्यासाठी प्राण वेचावा, असा त्याचा आचारधर्म मानला जाई. या धर्माच्या कथा लॅटिनऐवजी लोकभाषेत, म्हणजे ‘रोमान्स’ भाषेत लिहिल्या गेल्या आणि पुढे तेच नाव त्या वाङ्मयाला चिकटले. आपण त्यास अद्भुतरम्य म्हणतो.

हे वाङ्मय विद्यार्थ्यांना शिकवावयाचे कसे, हा प्रश्न केवळ विद्यापीठाचा नाही. मंडईपासून हरणीपर्यंत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांतील मुले आज बहुधा गुजराती वा इंग्रजी माध्यमातून शिकतात. पूर्वजांचा पराक्रम त्यांच्या कानी पडतो तो कथेच्या रूपाने. ती कथा आणि इतिहास यांतील अंतर त्यांना कोणी दाखविले नाही, तर एक तर ती आंधळा अभिमान धरतील किंवा मोठेपणी सारेच खोटे म्हणून टाकून देतील.

फ्रान्समधील रोलांचे वीरगीत हे याचे उत्तम उदाहरण आहे. इ. स. ७७८ मध्ये स्पेनहून परतणाऱ्या शार्लमेनच्या पिछाडीवर पिरेनीज पर्वताच्या खिंडीत छापा पडला आणि त्यात रोलां मारला गेला. छापा घालणारे होते तेथील डोंगराळ बास्क लोक. परंतु सुमारे तीनशे वर्षांनी गीत रचले गेले, तेव्हा धर्मयुद्धांचे वारे वाहू लागले होते. गीतात शत्रू झाला मुसलमानांचा अफाट सेनासागर. मदतीसाठी शिंग फुंक, असे मित्र ऑलिव्हिए परोपरीने विनवितो. रोलां मानापायी नकार देतो आणि साऱ्या पिछाडीचा नाश होतो.

हे वाचताना मराठी विद्यार्थ्याला नेसरीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १६७३ मध्ये उमराणीजवळ सरनौबत प्रतापराव गुजर यांनी बहलोलखानास कोंडले, पण तो काकुळतीस येताच त्यास वाट दिली. शिलेदारी धर्माने पाहता हे औदार्य होते. राज्यकर्त्याच्या दृष्टीने मात्र ती घोडचूक होती, कारण खान पुन्हा उलटला. महाराजांनी कडक शब्दांत जाब विचारला. तो बोल जिव्हारी लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. राज्याभिषेक अवघ्या साडेतीन महिन्यांवर आला होता. या मरणास वंदन करावे की राज्याने सेनापती गमावला म्हणून हळहळावे? वर्गात हा प्रश्न खुला ठेवावा. दोन्ही उत्तरांत सत्य आहे.

याच बडोद्यात राजपुत्रांना शिकविणाऱ्या गो. स. सरदेसाई यांनी मॅकिआव्हेलीच्या ‘प्रिन्स’चे मराठी भाषांतर केले, हेही येथे ध्यानात घ्यावे. शौर्यकथा शिकविणाऱ्याने तिच्या शेजारी राजनीतीचा ग्रंथ ठेवावा, याहून चांगला संकेत कोणता?

आपल्या नगराचा इतिहासही हाच धडा देतो. जोधपूरचा अभयसिंह मोगलांचा गुजरातचा सुभेदार होता. १७३० च्या अहमदाबादच्या लढाईतील त्याचा पराक्रम चारण कवी करणीदान याने ‘सूरजप्रकास’ या काव्यात गायिला. त्याच अभयसिंहाच्या माणसांनी १७३२ मध्ये डाकोर येथे बोलणी करण्याच्या निमित्ताने पिलाजीराव गायकवाडांचा खून केला. काव्यातला वीर आणि व्यवहारातला सुभेदार एकच होता. अर्थात, हे सांगताना केवळ परक्यांचे दोष मोजू नयेत. वीरधर्म सगळीकडेच बहुधा बरोबरीच्या सरदारापुरता पाळला जाई. ज्याच्या शेतातून घोडी दौडत, त्या कुणब्याचे नाव ना रोलांच्या गीतात, ना आपल्या पोवाड्यांत.

म्हणूनच या पाठाचा शेवट शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील लष्कराला लिहिलेल्या पत्राने करावा, असे सुचवावेसे वाटते. त्यात तलवारींचा खणखणाट नाही. रयतेकडून काडीही उचलू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या. दाणागोटा बेताने वापरा, नाही तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदराने पेटती वात नेली तर गवताला आग लागेल, असा मजकूर आहे. रयतेला त्रास दिलात तर तिला तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटेल, असा इशाराही आहे.

रोलांच्या शिंगापुढे उंदराची वात किरकोळ वाटेल. पण शौर्यकथेतून गळलेला कुणबी या पत्रात सापडतो. पूर्वजांचा घोडा कोणाच्या दाण्यावर पोसला गेला, हे विचारावयास शिकलेली मुलेच त्या पूर्वजांचा अभिमान डोळसपणे बाळगू शकतील.