दिल्लीतील मोफत खाटांचा हिशेब

सरकारकडून सवलतीच्या दराने जमीन मिळविलेल्या दिल्लीतील खासगी रुग्णालयांनी बाह्यरुग्ण विभागातील २५ टक्के आणि आंतररुग्ण विभागातील १० टक्के सेवा गरीब रुग्णांना पूर्णपणे विनामूल्य दिली पाहिजे, असा दंडक २००७ पासून लागू आहे. तो दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालातून आला. गरिबांवर मोफत उपचार करण्याची अट मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून अनेक रुग्णालयांच्या जमिनीच्या कागदपत्रांत लिहिलेली होती. अट घालणारे सरकार होते आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारीही सरकारचीच होती. या जबाबदारीचा जाब नागरिकांना न्यायालयामार्फत विचारावा लागला.

जमीन एकाची, आरोग्य दुसऱ्याचे

स्वातंत्र्यानंतर राजधानीचा विस्तार होऊ लागला, तेव्हा शाळा, रुग्णालये आणि धर्मादाय संस्था यांना बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दराने भूखंड देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. केंद्र सरकारचे भूमी व विकास कार्यालय आणि १९५७ मध्ये स्थापन झालेले दिल्ली विकास प्राधिकरण या दोन यंत्रणांनी हे वाटप केले. जमीन स्वस्तात द्यावयाची आणि त्या बदल्यात संस्थेने समाजाच्या दुर्बल घटकांची सेवा करावयाची, असा हा व्यवहार होता. किती सेवा करावयाची याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. कोणाच्या वाटपपत्रात मोफत खाटांचे प्रमाण मोठे होते, कोणाच्या अल्प, तर काहींच्या कागदपत्रांत अशा अटीचा स्पष्ट उल्लेखच नव्हता.

अंमलबजावणी का झाली नाही, याचे उत्तर दिल्लीच्या प्रशासकीय रचनेत सापडते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतील विषय आहे. दिल्लीत मात्र अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, सफदरजंग आणि राममनोहर लोहिया ही रुग्णालये केंद्राकडे, लोकनायक आणि गुरू तेग बहादूर ही दिल्ली सरकारकडे, तर हिंदू राव महानगरपालिकेकडे आहे. जमीन पुन्हा केंद्राच्या अखत्यारीत. भूखंड देणाऱ्या कार्यालयाला रुग्णांशी कर्तव्य नव्हते आणि रुग्णांची काळजी वाहणाऱ्या खात्याला भाडेपट्टा रद्द करण्याचा अधिकार नव्हता. अशा स्थितीत प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखविणे सोपे जाते, आणि दिल्लीत तेच घडले.

समिती आणि याचिका

खासगी रुग्णालयांतील मोफत उपचारांची स्थिती तपासण्यासाठी दिल्ली सरकारने २००० मध्ये न्यायमूर्ती ए. एस. कुरेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वेगवेगळ्या अटींऐवजी सर्वांसाठी एकच प्रमाण ठेवावे, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात २५ आणि आंतररुग्ण विभागात १० टक्के उपचार मोफत असावेत, अशी शिफारस समितीने केली. काही रुग्णालयांच्या मूळ अटींच्या तुलनेत हे प्रमाण कमी होते, ही बाब येथे नोंदविली पाहिजे. अंमलबजावणी सुलभ व्हावी म्हणून गरिबांचा वाटा कमी करण्यात आला, आणि तरीही अंमलबजावणी झाली नाही.

‘सोशल ज्युरिस्ट’ या वकिलांच्या संघटनेने २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. संघटनेच्या वतीने वकील अशोक अग्रवाल यांनी हे प्रकरण चालविले. रुग्णालये सवलतीचा लाभ घेतात पण अट पाळत नाहीत आणि सरकारी यंत्रणा स्वस्थ बसून आहेत, असे याचिकेचे म्हणणे होते. २२ मार्च २००७ रोजी न्यायालयाने निकाल दिला. कुरेशी समितीने सुचविलेले प्रमाण सवलतीत जमीन घेतलेल्या रुग्णालयांना बंधनकारक ठरविण्यात आले. मोफत म्हणजे काय, हेही न्यायालयाने स्पष्ट केले: प्रवेश, खाट, औषधे, शस्त्रक्रिया, शुश्रूषा आणि उपचारात लागणारे साहित्य यांपैकी कशाचेही शुल्क गरीब रुग्णाकडून घ्यावयाचे नाही. सरकारी रुग्णालयांनी विशेष केंद्रे उघडून रुग्णांना या खाटांकडे पाठवावे, अशी व्यवस्थाही सांगण्यात आली. ज्या रुग्णालयांनी अट मोडून अवाजवी नफा मिळविला, त्यांच्याकडून तो वसूल करण्याचा मार्गही या निकालाने खुला केला.

निकालाविरुद्ध काही रुग्णालये सर्वोच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये त्यांना तेथे दिलासा मिळाला नाही. नफ्याच्या वसुलीला आणखी वेळ लागला. जून २०१६ मध्ये दिल्ली सरकारने पाच मोठ्या रुग्णालयांना एकूण ६०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरण्याचे आदेश दिले, म्हणजे निकालानंतर तब्बल नऊ वर्षांनी. रुग्णालयांनी या आदेशांना आव्हान दिले.

ज्यांच्या भाडेपट्ट्यात मोफत उपचारांची अट स्पष्ट लिहिलेली नव्हती, अशा रुग्णालयांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनाही हेच प्रमाण लागू करण्याचा केंद्राचा २०१२ मधील आदेश उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द ठरविला. त्यावरील अपिलात ९ जुलै २०१८ रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि उदय लळित यांच्या खंडपीठाने तो पुन्हा कायम केला. सरकारी जमीन सवलतीत घेणाऱ्या संस्थेवर समाजाप्रती कर्तव्य येते आणि सरकार तशी अट घालू शकते, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. मूलचंद आणि सेंट स्टीफन्स ही जुनी रुग्णालयेही या निकालाच्या कक्षेत आली.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थ

या साऱ्या प्रकरणांत इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाचे प्रकरण सर्वाधिक बोलके आहे, कारण येथे सरकार स्वतः भागीदार होते. १९८८ च्या करारानुसार दिल्ली प्रशासनाने सरिता विहार येथील १५ एकर जमीन नाममात्र एक रुपया भाड्याने दिली आणि कंपनीत २६ टक्के भांडवली वाटा घेतला. त्या बदल्यात ६०० खाटांपैकी एक तृतीयांश, म्हणजे २०० खाटा, तसेच बाह्यरुग्ण विभागातील ४० टक्के सेवा गरिबांसाठी विनामूल्य ठेवावयाची होती. रुग्णालय १९९६ मध्ये सुरू झाले. संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी होते, त्यामुळे मोफत खाटांवर कोण झोपते हे जाणून घेण्यासाठी सरकारला बाहेरच्या कोणाची गरज नव्हती.

अखिल भारतीय वकील संघटनेच्या दिल्ली शाखेच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००९ रोजी उच्च न्यायालयाने निकाल देताना अट पाळली गेली नसल्याचा निष्कर्ष काढला आणि रुग्णालयाला दोन लाख रुपयांचा दंड केला. वादाचा मुख्य मुद्दा ‘मोफत’ या शब्दाचा होता. खाट, तपासणी आणि डॉक्टरांची सेवा मोफत. औषधे आणि इतर साहित्य मात्र रुग्णाने विकत घ्यावयाचे, असा अर्थ रुग्णालयाने लावला होता. हृदयशस्त्रक्रियेत किंवा कर्करोगाच्या उपचारात खर्चाचा मोठा भाग याच दोन गोष्टींवर होतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला अशी खाट देणे हे न दिल्यासारखेच आहे. उच्च न्यायालयाने रुग्णालयाचा अर्थ अमान्य केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस अंतरिम आदेशाने औषधे आणि साहित्याचे पैसे घेण्याची मुभा मिळाली.

सरकारी दवाखान्याच्या दारात

खासगी खाटांकडे पाहताना सरकारी रुग्णालयांना मोकळे सोडून चालणार नाही. ४ जून २०१० रोजी न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दोन स्त्रियांच्या प्रकरणांचा एकत्रित निकाल दिला. पहिली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील होती. २००८ मध्ये पोटातील गर्भ दगावल्यावरही आवश्यक कागदपत्रांच्या प्रश्नामुळे तिला उपचारांसाठी वणवण करावी लागली; पुढच्या बाळंतपणानंतर जानेवारी २०१० मध्ये तिचा मृत्यू झाला. दुसरी बेघर होती आणि जंगपुऱ्यात झाडाखाली उघड्यावर प्रसूत झाली. बाळंतिणींसाठी असलेल्या शासकीय योजना तेव्हा कागदावर अस्तित्वात होत्या. न्यायालयाने पहिल्या कुटुंबाला २ लाख ४० हजार आणि दुसऱ्या स्त्रीला ५० हजार रुपये भरपाई मंजूर केली. परराज्यातून स्थलांतर केले म्हणून गरिबाचा हक्क संपत नाही आणि आपण गरीब आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे रुग्णावर टाकता येणार नाही, असे निकालाचे सार होते.

राजधानी परिसरात हा स्थलांतराचा मुद्दा वारंवार वर येतो. गाझियाबाद आणि नोएडा उत्तर प्रदेशात, तर गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात. माणसे एका राज्यात राहतात, दुसऱ्यात काम करतात आणि आजारी पडल्यावर दिल्लीचे मोठे रुग्णालय गाठतात. उत्तर प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या गुरू तेग बहादूर रुग्णालयात ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखून ठेवण्याचे दिल्ली सरकारचे परिपत्रक उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये रद्द केले. करोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये, दिल्ली सरकारने आपली रुग्णालये पुन्हा दिल्लीकरांपुरती राखून ठेवली. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपालांनी तो निर्णय फिरविला. उलट बाजूने पाहिल्यास, दिल्लीच्या जमिनीशी निगडित असलेला मोफत खाटांचा आदेश गुरुग्राम किंवा नोएडातील आलिशान रुग्णालयांना लागू होत नाही.

महाराष्ट्रातील वाट

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. महाराष्ट्रात हेच कर्तव्य जमिनीऐवजी न्यासाच्या नोंदणीशी जोडलेले आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना आखून दिली. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या आहेत, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. येथे धर्मादाय आयुक्त हे एक निश्चित कार्यालय जबाबदार आहे. दिल्लीतल्या तीन-चार यंत्रणांच्या गोंधळापेक्षा ही रचना निश्चित बरी. पण एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने लाखो रुपयांची अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि गर्भवतीच्या मृत्यूनंतर जनक्षोभ उसळला, तेव्हा या योजनेची देखरेख कोण आणि कशी करते हा प्रश्न राज्यातही विचारला गेला.

लेखापरीक्षकांचा अहवाल

न्यायालयाखेरीज जाब विचारण्याचे दुसरे साधन म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल. राज्यघटनेनुसार ते विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. तोवर आमदारांना त्यांवर चर्चा करता येत नाही आणि जनतेलाही ते वाचता येत नाहीत. दिल्लीत आरोग्य सेवेसह अनेक विषयांवरील अहवाल दीर्घकाळ सभागृहापुढे आले नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या विलंबाबद्दल नापसंती व्यक्त केली. सत्तांतरानंतर २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आरोग्यविषयक अहवाल पटलावर ठेवण्यात आला.

त्यातील आकडे पुरेसे स्पष्ट आहेत. २०१६-१७ ते २०२०-२१ या काळात ३२,००० नव्या खाटांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात १,३५७ वाढल्या, म्हणजे ४.२४ टक्के. पाहणीतील २७ रुग्णालयांपैकी १४ मध्ये अतिदक्षता विभाग नव्हता आणि १६ मध्ये रक्तपेढी नव्हती. करोनाशी मुकाबला करण्यासाठी मिळालेल्या ७८७.९१ कोटी रुपयांपैकी ५८२.८४ कोटी खर्च झाले. सरकारी खाटा इतक्या संथपणे वाढत असताना खासगी रुग्णालयांतील मोफत खाट रिकामी राहणे किती महागात पडते, हे वेगळे सांगावयास नको. या खाटांपैकी कोणत्या रुग्णालयात किती रिकाम्या आहेत, याची माहिती दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर देण्याची व्यवस्था न्यायालयीन लढ्यानंतर झाली.

अपोलोचे प्रकरण मार्च २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जमिनीच्या भाडेपट्ट्याची ३० वर्षांची मुदत २०२३ मध्येच संपली होती. गरिबांना मोफत उपचार मिळत नसतील तर रुग्णालय अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या ताब्यात देण्याचा विचार करावा लागेल, असे न्यायमूर्ती सूर्यकांत आणि एन. कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठाने बजावले. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे काय, हे केंद्र आणि दिल्ली सरकारने सांगावे आणि संयुक्त पथकाने रुग्णालयात जाऊन एकूण खाटा किती, तसेच गेल्या पाच वर्षांत किती गरीब रुग्णांवर उपचार झाले, याची नोंदवह्यांवरून पडताळणी करावी, असा आदेश खंडपीठाने दिला.